पुदिन्याची खूण

सगळं सुरू झालं ते मी "शिरा नको" म्हणालो तिथून.

तसा मी शिऱ्याच्या विरुद्ध नाही. माझं स्वतःचं लग्न शिऱ्यावर ठरलं. (तो शिरा श्यामलाने नव्हे, तिच्या मावशीने केला होता, हे मला लग्नानंतर तीन महिन्यांनी कळलं. असो.) पण या खेपेला लग्न माझं नव्हतं, चिरंजीवांचं होतं. विहंग आणि योगिनी यांचं कॉलेजपासूनच ठरलेलं. आता फक्त योगिनीचे आईवडील, पिंपळगाव बसवंतचे द्राक्षबागायतदार कारभारी आणि कुसाबाई, आमचं घर बघायला रविवारी चार वाजता येणार होते. त्यांनी हो म्हटलं की झालं.

शनिवारी विहंग माझ्यासमोर येऊन बसला. "बाबा, उद्या तुम्ही एकच करा. काहीही करू नका."

"म्हणजे नेमकं काय करू नको?"

"जे मनात येईल ते."

आता पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला असं मोघम सांगून चालतं का? मी सहज विचारलं, "त्यांची द्राक्षं जातात कुठे रे?"

"थोडी एक्स्पोर्टला, बाकी वायनरीला."

वायनरीला! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याची द्राक्षं वायनरीत, त्याच्या घरात वाइन असणारच. आणि अशा पुढारलेल्या माणसापुढे आम्ही शिऱ्याची वाटी ठेवणार? नाशिकच्या गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन अकरा वर्षं झाली, काही लाजलज्जा आहे की नाही? मी मोबाइल उघडला. "घरच्या घरी चॉकलेट डेझर्ट कॉकटेल, पाच मिनिटांत." एक मुलगी चॉकलेट, दूध, क्रीम, कॉफी आणि रम एकत्र हलवत होती आणि सारखी हसत होती. मला ते फार सोपं वाटलं. श्यामलाला सांगून टाकलं, "उद्या शिरा नको."

रमचा प्रश्न नव्हता. श्यामलाचा भाऊ शेखर लष्करात होता. सहा वर्षांपूर्वी त्याने "थंडीत लागली तर असू द्या" म्हणून एक बाटली दिली होती. ती माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे, न उघडता पडून होती. मी घेत नाही. ऑफिसच्या सहलीत एकदा अर्धा ग्लास बिअर घेतली आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये सगळ्यांची माफी मागितली, तेवढाच माझा अनुभव.

रविवारी सकाळी श्यामला फुलं आणायला गेली आणि मी कामाला लागलो. शेकर म्हणून विहंगची जिमची बाटली घेतली. (तिला पावडरचा वास होता. कॉफी जास्त घातली.) सहा ग्लास भरले. चार विदाउट, बायकामुलांसाठी. दोन विथ, एक कारभारींना आणि सोबत म्हणून एक मला. बाटली उघडून वास घेतला, चांगलाच कडक वाटला. दोन्ही ग्लासांत चार-चार झाकणं ओतली. आता घोटाळा नको म्हणून त्या दोन ग्लासांवर पुदिन्याचं एकेक पान ठेवलं, बाटली जागच्या जागी ठेवली आणि ग्लास फ्रिजमध्ये लावले. हेडक्लार्कचं काम असं असतं. जिथे शंका, तिथे खूण.

श्यामला परत आली. मी म्हणालो, "चॉकलेटचं डेझर्ट केलंय." मी स्वयंपाकघरात काहीतरी केलं याच धक्क्यात असल्याने तिने पुढे काही विचारलंच नाही.

बरोबर चार वाजता पाहुणे आले, सोबत योगिनीही. कारभारी उंच, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात द्राक्षांची पेटी. उकाडा होता म्हणून त्यांनी बसता बसता शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि मला आत माळ दिसली. तुळशीची.

"माळ... घालता का आपण?" मी विचारलं.

"चाळीस वर्सं झाली, साहेब. थेंब नाय तोंडात."

"पण द्राक्षं तर वायनरीला..."

"धंदा हाय तो. ऊस लावनारा काय दारू पितो का?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "थोरलीच्या वक्ताला एक चांगलं स्थळ आलं होतं. घरात बाटली दिसली, आम्ही च्या न पिता उठून आलो. बाटलीच्या घरात लेक द्यायची नाय, एवढं एकच बघतो मी."

 पण मी धीर सोडला नाही. पुदिन्याची पानं होती ना! दोन ग्लास गुपचूप बेसिनमध्ये ओतायचे, काम संपलं. मी उठणार, इतक्यात श्यामलाच हसत हसत ट्रे घेऊन बाहेर आली.

सहा ग्लास. सहाही ग्लासांवर तुळशीचं पान.

"अगं, पुदिना कुठाय?" माझ्या तोंडून निघालं.

"काढून टाकला. गोडावर कोणी पुदिना घालतं का? चटणी आहे का ती?" मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "घरात नवीन गोड झालं की आधी बाळकृष्णाला दाखवते. प्रसाद म्हणूनच घ्या."

कुसाबाईंनी पदर सावरून हात जोडले. कारभारींनी टोपी नीट केली. प्रसाद म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? आणि मी? मी बाळकृष्णाला रम पाजली होती!

"ट्रे कुठल्या हाताने उचललास?" मी श्यामलाच्या कानाशी कुजबुजलो.

"दोन्ही."

"देवापुढे ठेवताना फिरवलास का?"

"अहो, तुम्हाला बरं नाही का?"

मी ग्लासांकडे बघितलं. फ्रिजमध्ये विथ डावीकडे होते. पण फ्रिजची डावी म्हणजे देवघराची उजवी, आणि देवघरातून हॉलमध्ये येताना ती वळली असणार, म्हणजे पुन्हा डावी. की मागची? वास घ्यायला वाकलो तर सगळ्यांतून कॉफी आणि जिम. एवढ्यात कारभारींचा हात पुढे आला.

"थांबा!" मी ओरडलो, त्यांच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. "हा... हा जरा पातळ वाटत होता."

"बाबा!" विहंग म्हणाला.

चव काही कळली नाही. कडू होतं, पण कॉफीही कडूच. हा विथ होता की विदाउट? कुसाबाईंनी ग्लास उचलला. मी तोही घेतला. "ह्यात केस होता." तिसरा श्यामलाच्या हातातून घेतला.

"अहो, शुगर आहे तुम्हाला!"

"प्रसादाने काही होत नाही," मी म्हणालो आणि चौथा उचलला. माझी जीभ जड झाल्यासारखी वाटली. पाचव्याला शोकेस हलकेच डोलली. योगिनीने आपला ग्लास आपणहून माझ्यापुढे सरकवला. गुणी मुलगी.

सहा ग्लास संपले.  कुसाबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "मानूस खादाड दिसतोय, पन मनाचा चांगला असंल."

ते ऐकून मला भडभडून आलं. अशा भोळ्या माणसांना मी फसवत होतो! मी शोकेसला धरून उभा राहिलो. 

"कारभारीसाहेब, मला माफ करा. मी दारू प्यायलोय."

कारभारींचा चेहरा उतरला.

"सहापैकी दोन ग्लासांत रम होती. कुठल्या दोन ते मलाच कळेना, म्हणून सगळे प्यायलो. तुमची माळ बाटू नये म्हणून. विहंगचा काही दोष नाही, हो! तो म्हणाला होता, काही करू नका. योगिनीला चांगलं घर मिळू दे. म्हणजे हेच. पण माझ्याशिवाय." एवढं बोलून मी खुर्चीवर बसलो. खुर्ची होती तिथे नव्हती. मी फरशीवर बसलो.

कारभारी उठले. "चला, कुसाबाई. योगिनी, ऊठ."

योगिनी रडवेली झाली. विहंग माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की आयुष्यात प्रथमच मला वाटलं, हा बरोबर बोलला होता.

"एक मिनिट," श्यामला म्हणाली. "कुठली रम?"

"शेखरने दिलेली. माळ्यावरची."

श्यामलाने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. हसता हसता खाली, माझ्याशेजारीच बसली. मग उठून स्टूल लावलं, बाटली काढून आणली आणि सरळ कुसाबाईंच्या हातात दिली.

"ती रम मी सहा वर्षांपूर्वीच मोरीत ओतली, ताई. माझ्या घरात नको मला असलं. पण शेखरदादा आला की बघतो, मी दिलेली बाटली आहे ना? त्याचं मन मोडायला नको, म्हणून तो यायच्या आदल्या दिवशी ताजा भरून ठेवते. उद्या येतोय तो."

"काय भरून ठेवतेस?" मी फरशीवरूनच विचारलं.

कुसाबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, तळहातावर थेंब घेऊन चाखला.

"आवं, ह्यो तं कोरा च्या हाय! इलायची बी हाय त्याच्यात."

"सवयीने पडली हो हातून," श्यामला म्हणाली.

कारभारींनीही थेंब चाखला. मग माझ्याकडे बघितलं. मी अजून शोकेसचा पाय धरून होतो. (खरं सांगतो, चहा आहे हे कळल्यावरही डोकं गरगरायचं थांबलं नव्हतं. नंतर मोजली तेव्हा शुगर तीनशे बारा निघाली, ती गोष्ट वेगळी.) त्यांचे खांदे हलायला लागले आणि मग तो एवढा मोठा माणूस टोपी काढून डोळे पुसेपर्यंत हसला.

"कुसाबाई, बसा खाली. च्यावर झिंगनारा मानूस उभ्या जल्मात दारू प्यायचा नाय. लेक द्यायला हरकत नाय. वहिनी, आता काही खायला असंल तं आना."

श्यामलाने आतून शिरा आणला. तिने तो सकाळीच करून ठेवला होता.

लग्न वैशाखात झालं. त्यानंतर आम्ही पहिल्यांदा पिंपळगावला गेलो, तर ओसरीवर सगळी भावकी जमलेली. सगळ्यांना चहा आला. माझ्यापुढे कप आला नाही. मी आशेने स्वयंपाकघराकडे बघत होतो, तर आतून कुसाबाईंचा खणखणीत आवाज आला,

"विहंगरावांच्या वडलांना दूध द्या गं! त्यांना च्या चढतो."