शेडला वेल पाहिजे

किसनतात्या ओव्हाळ कुठल्याही गोष्टीचा गुण विचारत नाहीत. खोड विचारतात.

बदली होऊन मी ईट गावात आले, तेव्हा खोली बघायला हेडमास्तर सोबत होते. घरमालकानं भाडं, पाणी, लाईट सगळं समजावून सांगितलं. कुंपणापलीकडं बनियनवर एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्याकडं डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं आणि हेडमास्तरांना विचारलं, "बाई चांगल्या दिसत्यात. खोड काय हाय?"

हेडमास्तर गडबडून म्हणाले, "गणित शिकवतात."

"मग ठीक हाय," असं म्हणून गृहस्थ आत गेले.

तात्यांची उभी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. हुद्दा व्रणोपचारक, म्हणजे जनावरांच्या जखमा धुऊन बांधणारा. हा शब्द गावात दोघांनाच नीट म्हणता येतो, एक तात्यांना आणि एक मला, मलाही सर्दी नसली तर. त्यामुळं गाव त्यांना सरळ डॉक्टर म्हणतं. बाजारात जनावर घेताना विकणारा गुण आपणहून सांगतो, खोड मात्र विचारावी लागते, हे तात्यांचं सगळं तत्त्वज्ञान. जावई बघताना त्यांनी हेच विचारलं. जावयानं "कधीमधी तंबाखू खातो" असं कबूल केलं आणि लग्न तिथंच ठरलं. "खोड सांगणारा माणूस पळून जात न्हाय," असं तात्या अजून म्हणतात.

मी राहायला आले त्या उन्हाळ्यात तात्या वेल शोधत होते.

त्यांच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथं त्यांची गाय बांधलेली असायची, हरणी नावाची. आता शेड रिकामी. दुपारी पत्रा असा तापतो की भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात काकूंना चूल न पेटवता घाम फुटतो. काकू म्हणजे तात्यांच्या मंडळी. बोलणं कमी, पण बोलल्या की निकालच. शेडवर एखादा वेल चढवा, एवढीच त्यांची मागणी होती आणि ती तीन उन्हाळे पडून होती.

वेल मिळत नव्हता असं नाही. तात्यांना पसंत पडत नव्हता.

रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते कुणाच्या ना कुणाच्या दारात वेल बघायला जात. बघणं म्हणजे पान उलटं करून, देठ दाबून, बुडाशी उकिडवं बसून. चहा व्हायचा. मग निकाल लागायचा. पाटलांच्या वाड्यावरची मधुमालती? "उधळी हाय. आज आपल्या शेडवर, उद्या दुसऱ्याच्या रानात." बोगनवेल? "मारकी." सरपंचांच्या दारातलं कृष्णकमळ? "प्रदर्शनातला वळू. बघायला झाक, कामाला न्हाय." मनीप्लांटबद्दल तर त्यांचं मत फारच वाईट होतं. "नुसतं बांधून खाणार. दूध न्हाय, शेण न्हाय."

मी माझ्या दारातल्या गोकर्णाच्या चार बिया देऊ केल्या. निळी फुलं, नाजूक वेल, कुणाला त्रास नाही. तात्या बराच वेळ बघत राहिले.

"खोड काय हाय?"

"काही नाही तात्या. अगदी गरीब आहे."

"खोडच न्हाय म्हणल्यावर आजारी आसल," म्हणाले आणि बिया परत दिल्या.

वैशाखात काकूंनी निकाल दिला. कुंपणाशी उभ्या राहून, मला ऐकू येईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "मिरगाच्या आत वेल न्हाय लागला तर म्या पत्रं काढून भंगारवाल्याला देणार. सांगून ठिवते."

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत, असं मला कळलं. एका वेलापायी माणूस इतका कासावीस का होतो, ते मात्र कळेना. दुसऱ्या दिवशी काकू ताक घेऊन आल्या तेव्हा मी विचारलंच.

"त्यास्नी वेल लावायचाच न्हाय, बाई," काकू म्हणाल्या. "वेल लावला म्हंजी शेड कायमची रिकामी झाली."

मग त्यांनी सांगितलं. तीन वर्षांमागं तात्यांचा खुबा मोडला. शेण काढणं, धार काढणं होईना. शेजारच्या वाशीच्या अलीकडं भाच्याचं शेत आहे. त्याला गाय देऊन टाकली. "गाय न्यायला टेम्पो आला त्या दिशी ह्ये भाईर आलेच न्हाईत. आत दाढी करत बसले. एकदा झाली, परत साबण लावला. टेम्पो जाईस्तवर दाढीच चालली हुती. तवापासून भाच्याच्या दारात गेले न्हाईत. लग्नाला न्हाय, बारशाला न्हाय."

त्या रविवारी मीच म्हटलं, "तात्या, वाशीला नर्सरी आहे. चला, माझ्या स्कूटीवर जाऊ."

मला जयभीम करून तात्या मागं बसले. एवढा उंच माणूस, पाय ठेवायचे कुठं हा प्रश्नच होता. अख्ख्या रस्त्यात त्यांनी गाडीच्या दोन खोडी सांगितल्या, त्या दोन्ही खऱ्या निघाल्या.

नर्सरीत त्यांनी प्रत्येक पिशवीपुढं थांबून चौकशी केली. शेवटी नर्सरीवाला वैतागला. "आजोबा, सगळ्यांची खोड एकच. पाणी नाही दिलं की मरतात." तात्या त्याच्याकडं कौतुकानं बघत राहिले. घेतलं मात्र काही नाही.

रिकाम्या हातानं परत निघालो. चार-पाच किलोमीटर आलो असू, मागून आवाज आला, "बाई, जरा डावीकडं घ्या."

"काय आहे तिकडं?"

"भाच्याकडं कुपाटीला दोडका चांगला आसतो म्हणत्यात."

मी गाडी वळवली.

भाचा रानात गेला होता. त्याची बायको सुनीता पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर आली. "अगं बया, मामा!" म्हणून पाया पडली. अंगणाच्या कडेला काट्याच्या कुपाटीवर दोडक्याचा वेल पसरला होता, पिवळ्या फुलांनी भरलेला. दुसऱ्या बाजूला कडुलिंबाखाली एक तांबूस गाय आणि तिचं वासरू.

"वेल बघाय आलोय," तात्या घाईघाईनं म्हणाले. "बी कुठलं?"

"घरचंच हाय."

"पाणी किती देता?"

"दोन दिसाला."

"अंगानं भरल्यासारखा दिसतोय."

"मामा," सुनीता हळूच म्हणाली, "बघलालाव कुठं? वेल हिकडं हाय."

तात्यांचे कान लाल झाले. मग वेलाचा विषय तिथंच टाकून लंगडत लिंबाखाली गेले. आधी त्यांनी दवाखान्यातल्यासारखी पापणी वर करून डोळा बघितला. मग शिंगाचं बूड, मग खूर. मग हात मानेखालच्या पोळीवरून फिरू लागला आणि फिरतच राहिला. हरणीनं त्यांचा सदरा हुंगला, एक जोराची शिंक दिली आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.

"वळखलं," तात्या मला म्हणाले. मला तसं वाटलं नव्हतं. पण मी गणिताची बाई, मला जनावरातलं काय कळतं?

निघताना सुनीतानं वाळक्या दोडक्यातल्या काळ्या बिया कागदात बांधून दिल्या. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "एकदा लावलं की झालं तात्या. पुढच्या साली घरचंच बी."

तात्या मागून म्हणाले, "घरचं बी धरत न्हाय, बाई. दरसाली नवं आणावं लागतंय."

मी शेतकऱ्याची लेक. माझी आई एकाच वेलाचं बी वर्षानुवर्षं लावायची. पण मी म्हटलं, "व्हय. आणावंच लागतंय."

श्रावणापर्यंत वेलानं शेड झाकून टाकली. स्वयंपाकघर निवलं. गल्लीभर दोडके वाटून झाले. काकूंनी तीन चांगले दोडके हेरून, बियाला म्हणून वेलावरच चिंध्या बांधून राखून ठेवले. आठवड्याभरानं त्या माझ्या दारात आल्या.

"बियाचं दोडकं गेलं. तिन्ही. तुमच्याकडं आलाय का एक?"

आला होता. जून, निबर, विळीला दाद न देणारा. तात्यांनी स्वतः आणून दिला होता आणि वर "आजच खावा" असं बजावलंही होतं.

"नाही हो काकू," मी म्हटलं.

यंदा मिरगाच्या आधी एका रविवारी सकाळी बाहेर बघते तर तात्या माझ्या स्कूटीपाशी उभे. धुतलेला सदरा, ताजी दाढी.

"बी आणाय जायाचं हाय," म्हणाले.

मी किल्ली घेऊन बाहेर आले तेवढ्यात काकू आल्या. तात्यांकडं न बघता त्यांनी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "बी ठिवाय लागंल," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

पिशवी चांगलीच जड होती. आत शेंगदाण्याची पेंड होती.