नापास पाइपांचे सर

आमच्या शेजारच्या रंगनाथकाकांना कुणी पाणी दिलं की ते आधी विचारायचे, "कोणत्या पाइपातलं?"

तांब्या-भांडं पुढे करणारा गोंधळायचा. "म्हणजे... नळाचंच आहे की, सर."

"नळ हे नुसतं तोंड झालं. मी पोटाचं विचारतोय."

मग ते उठून थेट मोरीत जायचे. बाकीचे पाहुणे दिवाणखान्यातलं शोकेस बघतात, काका न्हाणीघराची मागची भिंत बघायचे. शर्टाच्या खिशात त्यांची हत्यारं असायची: एक लोहचुंबक, जुनं जाडजूड रुपयाचं नाणं आणि पेनाएवढी बॅटरी. चुंबक चिकटला तर पाइप लोखंडी. "याचा आजार वेगळा," म्हणून ते पुढे जायचे. नाही चिकटला की त्यांचे डोळे चमकायचे. प्लास्टिक! आधी अंगठ्याचं नख रुतवून बघायचं, मग नाण्यानं वाजवायचं, मग कान लावायचा. शेवटी निकाल. काका सायखेड्याचे. नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यामुळे निकाल दोनच प्रकारचे लागायचे, आणि पास झालेला पाइप मी लहानपणापासून एकही पाहिला नव्हता.

"राखाडी राखाडीत फरक असतो," ते सांगायचे. "पावसाळी ढगाची राखाडी वेगळी, उन्हात वाळलेल्या शेणाची वेगळी. तुमचा पाइप दुसऱ्यातला. नापास!"

त्यांच्या लेखी पाइप म्हणजे एक एकत्र कुटुंब होतं. काळा पाइप हा आजोबा. मेणासारखा मऊ, नख उमटतं, वळवाल तिकडे वळतो. पण म्हातारपणी ताठर होतो आणि जोडावर उभा चिरतो. राखाडी म्हणजे मधला चुलता. सावलीत ठेवा, गार पाणी द्या, मुकाट राबेल. गरम झाला की मात्र अंग टाकून देतो. आणि नवा फिकट पिवळसर पाइप हा जावई. "गरम-गार दोन्ही सोसतो. पण घरात आणायला लय महाग."

समोरच्या बंगल्यातल्या वकीलसाहेबांनी गच्चीवर सोलर बसवला आणि गरम पाणी खाली आणायला जुना राखाडी पाइपच ठेवला. काका रोज रस्त्यातून ओरडायचे, "वकीलसाहेब, चुलत्याला ताप येईल!" वकीलसाहेब हसून हात हलवायचे. एप्रिलमध्ये तो पाइप दोन क्लिपांच्या मध्ये झोळीसारखा लोंबायला लागला, आणि एका रविवारी जोडातून निसटून त्यानं वकीलसाहेबांच्या धुतलेल्या गाडीला पुन्हा आंघोळ घातली. काका दारात उभे राहून बघत होते. "मी काय बोललो नाय," एवढंच म्हणाले. त्यांच्या मते हा संयम होता.

हे वेड लागलं कसं, त्याचीही गोष्ट आहे. काका आणि मालतीकाकू एकदा गावच्या जत्रेला गेले होते. इकडे भिंतीतला पाइप फुटला. परत आले तर पलंगाखाली ठेवलेली काकांची आयुष्यभराची चित्रं पाण्यावर तरंगत होती. काकू पदर खोचून पाणी उपसायला लागल्या. काकांनी भिंत फोडून तो पाइपाचा तुकडा बाहेर काढला आणि संध्याकाळपर्यंत हातात धरून बसले. काकू माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "चित्रं गेली त्याचं नाही वाटत मला. पण आता हे दुसऱ्यांच्या भिंती फोडत सुटणार."

तसंच झालं. पुतण्यासाठी मुलगी बघायला ही मंडळी दिंडोरीला गेली. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्याच वेळी आतून आवाज येऊ लागला: टक, टक, ठप. मुलीच्या वडिलांची द्राक्षबाग होती, माणूस खमका. पण तेही घाबरले. काकूंच्या कानाशी लागून म्हणाले, "पाहुणे काही शोधून राहिले का?"

"तुम्ही पोहे द्या," काकू शांतपणे म्हणाल्या. "येतील ते."

काका डोक्यावर चुन्याची धूळ घेऊन आले. "मुलगी पसंत. पाइप नापास."

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, मुलगी तुम्ही बघितलीच नाही."

"ती तू बघितलीस ना? मग झालं की. कामं वाटून घ्यायची असतात."

लग्न ठरलं. मांडव पडायच्या आधी मुलीच्या वडिलांनी सगळे पाइप बदलून घेतले आणि तसा निरोपही पाठवला. पाठवणीच्या वेळी सगळे डोळे पुसत असताना नवरी काकांच्या पाया पडली. काकांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "माहेरी आता गळती नाय ना?"

माझी आणि काकांची बातचीत एकतर्फी होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण माझी मुळात दोन्ही भाषांत गप्प राहायचीच तयारी जास्त. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाऊन नको असलेली कोथिंबीर निवडायचे. काका मला नावानं हाक मारत नसत. "कॉन्व्हेंट," ते भिंतीवरून विचारायचे, "तुझी वाचा कुठल्या पाइपात अडकली गं?" मी हसायचे आणि आत पळायचे.

आमच्या दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून एक काळा पाइप आला होता. आमचं घर गल्लीच्या टोकाला. सकाळी पाणी सुटलं की काकांच्या नळाला धो धो यायचं आणि आमचा नळ नुसता फुसफुसायचा. आम्ही राहायला आलो तेव्हाच मालतीकाकूंनी फर्मान काढलं होतं, "शेजारी कोरडा आणि आपण आंघोळी करायच्या, बरं दिसतं का ते?" आठवड्यात त्यांच्या मागच्या अंगणातून आमच्या टाकीपर्यंत पाइप आला. पाणी आलं की काकू त्यांच्या बाजूच्या लोखंडी व्हॉल्व्हवर ठोकायच्या, टण टण. आई आमच्या बाजूच्या व्हॉल्व्हवर सांडशीनं उत्तर द्यायची, म्हणजे टाकीचं झाकण उघडलंय, सोडा. पाणी भरेस्तोवर भिंतीवरून भाज्यांची चौकशी व्हायची. "आज काय केलंय?" "गवार. तुमच्याकडे?"

काकू गेल्या आणि ठोकायचं काम काकांकडे आलं. ठोका मात्र अगदी तसाच पडायचा, असं आई म्हणायची. भाज्यांची चौकशी थांबली होती. आई विचारायची, "सर, चहा पाठवू का?" ते म्हणायचे, "झाला," आणि आत जायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसभर इतरांच्या भिंती वाजवायचे. स्वतःच्या घरात फारसा आवाज नसायचा.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना गल्लीत नवी मोठी पाइपलाइन पडली आणि आमच्याही नळाला जोर आला. बाबांनी ठरवलं, आता घरातले पाइपही एकदाचे बदलून टाकू. सर्वांत जास्त आनंद काकांना झाला. ते सकाळी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले, जणू बोर्डाच्या परीक्षेचे परीक्षक. सलीमभाई प्लंबरनं विचारलं, "सर, आज पाइप बघायला आलात का त्यांचं लग्न लावायला?"

"अंत्यसंस्काराला आलोय. चल, न्हाणीघरापासून सुरू कर."

दिवसभर नख, नाणं, निकाल. न्हाणीघर नापास. स्वयंपाकघर नापास. गच्चीवरच्या पाइपाला त्यांनी नुसतं बोट लावलं तर बोटाला पांढरी भुकटी लागली. ती त्यांनी बाबांच्या नाकासमोर धरली. "हे बघा. पावडर लावून बसलाय. नापास!" सलीमभाई करवतीनं कापत होता, तुकडे अंगणात पडत होते, काका खुशीत होते.

संध्याकाळकडे सगळे मागच्या दारी आलो. बाबा सहज म्हणाले, "सलीमभाई, हा भिंतीवरचा काळाही काढून टाका. आता गरज नाही. सरांना रोज सकाळी उगाच त्रास."

"त्रास?" काका म्हणाले.

सलीमभाईनं करवत टेकवली. मग सवयीनं थांबला. "सर, बघून घ्या एकदा."

काका पुढे झाले. पाइप आम्हा सगळ्यांना दिसत होता. रंग उडालेला, जोडावर उभ्या चिरा, एका ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. काकांनी नख रुतवलं. नख उमटलं नाही. नाणं काढलं, आणि न वाजवताच खिशात ठेवलं.

"याला काय झालंय," ते म्हणाले. "चांगला हाय की."

बाबा हसले. "सर, आजोबा चिरलेत तुमचे. सकाळपासून तुम्हीच शिकवताय आम्हाला."

"जोडावर चिरलाय. जोड बदलला की..." काकांनी कुणाकडे पाहिलं नाही. हात पाइपावरच होता.

सलीमभाई बाबांकडे बघत होता, बाबा घड्याळाकडे. आणि मी म्हणाले, "बाबा, राहू दे तो. मला कुंड्यांना पाणी घालायला लागेल."

आमच्याकडे कुंड्या दोन होत्या. एकीत तुळस, दुसरीत नुसती माती. आई माझ्याकडे बघत राहिली. काकांनी माझ्या वाचेबद्दल काहीतरी बोलावं, अशी ती वेळ होती. त्यांनी फक्त सलीमभाईला सांगितलं, "नवीन क्लिप लाव दोन्हीकडं. घट्ट." आणि जाता जाता, पाठ करून, "पास."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे नवे नळ आपोआप धावत होते. आई त्या कौतुकात होती. मागून आवाज आला, टण टण.

मी सांडशी घेऊन गेले. व्हॉल्व्हवर ठोकलं आणि या खेपेला पळून न जाता भिंतीवरून वाकून पाहिलं. सगळ्या गावचे पाइप नाण्यानं वाजवणाऱ्या काकांच्या हातात लाटणं होतं. काकूंचं. एका बाजूनं ठोकून ठोकून चेपलेलं.

त्यांनी ते पाठीमागे नेलं. "कॉन्व्हेंट? आई कुठंय?"

"आत आहे. काका, सोडा पाणी."

त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. मग व्हॉल्व्हकडे बघतच म्हणाले, "आज काय केलंय?"

"मेथी," मी म्हणाले. मग आठवलं, हे इथं संपत नाही. "तुमच्याकडे?"

"आमच्याकडं..." काका म्हणाले, आणि वळून आपल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. मी भिंतीला टेकून वाट बघत राहिले. पाणी गुडगुडत आमच्या बाजूला येऊ लागलं होतं.