सूनबाईचे हातमोजे

मांडवगण फराट्याच्या बापूसाहेबांची सून नीलम वेल्डर होती, आणि ही गोष्ट कुणी विचारण्याआधीच सांगायची बापूसाहेबांना सवय होती. सोमवारी रांजणगावच्या एका कारखान्यात तिची वेल्डिंगची ट्रायल होती आणि आयटीआयमधले तिचे हातमोजे अंगठ्यापाशी फाटले होते.

"आबा, मी येते शिरूरला. हातात घालून बघावं लागतं," नीलम शनिवारी सासऱ्यांना म्हणाली.

"तू प्रॅक्टिस कर. मोजं मी आणतो."

शिरूरच्या दुकानदाराने, शाहनवाजने, मऊ चामड्याची जोडी पुढे केली. "ही घ्या आबा. बोटं वळत्यात, आतून अस्तर हाय, शिलाई डबल."

"मऊ? आरं, आमची सून वेल्डर हाय! टिकाऊ दाव."

बापूसाहेबांनी सगळ्यात जाड, ताठ जोडी घेतली आणि तिथेच हातात चढवली. मोटारसायकलवर जाड बोटांना क्लच नीट सापडेना, म्हणून थांबायचे टाळून ते ओळखीच्यांना चालत्या गाडीवरूनच ओरडून सांगत गेले, "सूनबाईचं मोजं!"

घरी त्यांच्या पत्नी झुंबरबाई चुलीवर भाकरी भाजत होत्या. "बघ आता," म्हणत बापूसाहेबांनी तापलेला तवाच उजव्या हाताने उचलला. भाकरी राखेत पडली. बायकोने किंचाळून तांब्याभर पाणी त्यांच्या हातावर ओतले.

"आगं, काय बी झालं न्हाई!" छाती फुगवून ते म्हणाले, आणि ओला मोजा वाळवायला हात चुलीच्या धगीला धरून बसले. चामडे आक्रसले, लाकडासारखे कडक झाले. मोजा निघेना.

झुंबरबाईंनी ओढला. शेजारच्या कोंडिबाने ओढला. तेल सोडून झाले. कात्री लावली, तर कात्रीच खिळखिळी झाली.

"बघितलंस का कोंडिबा? किती टिकाऊ!" बापूसाहेब कळवळत म्हणाले.

शेवटी नीलमने ब्लेड घेऊन एकेक टाका उसवला. अर्ध्या तासाने लालबुंद हात बाहेर आला. मग तिने डावा मोजा घालून पाहिला. तिची बोटे आत निम्म्यातच संपत होती, आणि मूठ तर मिटतच नव्हती.

"आबा, ह्यात वेल्डिंगचा होल्डर धरता येणार न्हाई."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, पोरी."

"उद्या दुकान उघडं असतं. दोघं जाऊ."

रविवारी नीलमने पाच जोड्या घालून पाहिल्या, मुठी मिटल्या, उघडल्या. शाहनवाजच्या मऊ जोडीने तिने काउंटरवरचा बारीक नट चिमटीत उचलला आणि तीच घेतली. तेवढा वेळ बापूसाहेब अवाक्षर बोलले नाहीत. त्यांना ते फार जड गेले.

सोमवारी दुपारी ती कारखान्याच्या गेटबाहेर आली, तिथे बापूसाहेब वाट बघत होते. "आबा, लागले कामाला! साहेब म्हणाले, जॉइंट एक नंबर."

बापूसाहेबांनी आधी वॉचमनला सांगितले, मग कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला, मग डोळे पुसले.

परतताना गाडी पुन्हा शिरूरच्या दुकानापाशी थांबली. "शाहनवाज, तसलीच मऊ जोडी दे. मोठी."

"आता कुणाला, आबा?"

"मला. येत्या रविवारपासनं सूनबाई मला वेल्डिंग शिकवणार हाय."

हे सूनबाईलाही तिथेच, पहिल्यांदा कळले.