निर्दोष दरवाजा

कार्यालयाच्या गाडीच्या मागच्या डाव्या दरवाजाला पोचा आला, ही घटना तशी मोठी नव्हती. साहेबांनी दार जोरात उघडलं, दाराच्या वाटेत दगडी खांब होता आणि खांबाने साहेबांना वाट दिली नाही. अहवालात ‘स्थिर वस्तूचा वाहनाशी संपर्क’ असं लिहिलं गेलं. त्यामुळे चूक कोणाची हा प्रश्न खांबापाशी येऊन थांबला आणि खांबाने खुलासा सादर केला नाही.

त्या पोच्याने खरं दुःख झालं ते गाडी चालवणाऱ्या मामांना. साऱ्या कार्यालयाचे ते मामा होते. सख्खा भाचा मात्र एकही नव्हता. वर्षानुवर्षं अर्ज केल्यावर त्यांची बदली अखेर बायको आणि मुलगी राहत होत्या त्या शहरात झाली होती. आदेश खिशात होता. अट एकच होती: गाडी ‘निर्दोष अवस्थेत’ परत केल्याशिवाय चालकाला सोडू नये.

“एक पोचाच तर काढायचाय,” मामा फोनवर बायकोला म्हणाले. “रविवारी जेवायला घरी.”

“कुठल्या रविवारी?” बायकोने विचारलं. तिचं लग्न सरकारी नोकराशी झालेलं होतं.

पोचा काढायची मंजुरी मात्र चक्क लगेच मिळाली. दरवाजा आतून पेटीसारखा बंद असल्यामुळे मागून ठोकायला हात जात नव्हता. म्हणून गॅरेजच्या मिस्त्रीने पोच्यात ओळीने चार बारीक भोकं पाडली, एकेका भोकात स्क्रू पिळला, स्क्रूला सरकता हातोडा अडकवला आणि मागे झटके दिले. पत्रा कुरकुरत बाहेर आला. शेवटी तो इतका सपाट झाला की मामांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. फक्त कपाळावर चार भोकं होती.

“आणि ही?” मामांनी विचारलं.

“ही वेल्डिंगने बुजवायची, घासायची, वर पुट्टी, वर रंग. नुसतीच पुट्टी थापली तर मागून पाणी शिरतं, पत्रा गंजतो आणि रंगाला फोड येतात. तुमचा चहा होईपर्यंत होईल.”

“मग करा ना! मी चहा सांगतो.”

“मामा, कागदावर काय लिहिलंय? ‘पोचा काढणे’. काढला. बुजवणे कुठे लिहिलंय?” मिस्त्रीने हात पुसले. सरकारी कामं करून करून तोही अर्धा सरकारी झाला होता.

मामा हेडक्लार्क मॅडमकडे गेले. मॅडम मनाने चांगल्या होत्या. अडलेल्या माणसाला त्या ताबडतोब नियम काढून देत. मार्ग काढून देणं त्यांच्या टेबलाकडे नव्हतं.

“भोकं कशाने पडली?”

“दुरुस्तीने, मॅडम.”

“म्हणजे गाडी दुरुस्त होता होता बिघडली. याला रकाना नाही.” तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. “खोली किती आहे? एक मिलिमीटरहून खोल असेल तरच त्याला नुकसान म्हणता येतं.”

मामांनी पत्रा मोजून आणला. तो पाऊण मिलिमीटर निघाला.

“मग नुकसान नाही.”

“अहो मॅडम, भोक आहे ते! आरपार! पलीकडचं दिसतं!”

“आरपार म्हणजे तळ नाही. तळच नाही तर खोली कुठून मोजणार? मी तुमच्याकडे बघून पाऊण मिलिमीटर तरी धरतेय.”

मामांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. “म्हणजे नुकसान नाही, बरोबर? मग गाडी ताब्यात घ्या आणि मला सोडा.”

“ताब्यात कशी घेऊ?” मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “दरवाजाला भोकं आहेत.”

मामा खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, “मी माझ्या पदरचं घालून बुजवून आणतो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कार्यालयाच्या दरवाजात खासगी धातू? आज चार ठिपके घालाल, उद्या म्हणाल एवढा दरवाजा माझा. मामा, तुम्ही साधे आहात म्हणून सोडून देते. पुन्हा असं बोलू नका.” मग त्यांना दया आली. “पोच्याचं बरं असतं बघा. पोच्याला तळ असतो. पोचा असता तर ‘तदनुषंगिक भोकं बुजवण्यासह’ हे शब्द मीच घातले असते.”

मामा तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “माझ्या हातून झालंय, मीच निस्तरतो,” म्हणत ते खाली उतरले, गाडीत बसले आणि दार उघडलं. खांब जागेवरच होता.

नवा पोचा सुरेख आला होता. वर पाठवलेल्या प्रस्तावात मॅडमनी दिलेला शब्द पाळला. प्रस्ताव परत आला तेव्हा मात्र त्यातले नेमके तेवढेच शब्द खोडलेले होते. बाजूला शेरा होता: ‘अद्याप न पाडलेली भोकं बुजवण्यास मंजुरी देणे घाईचे होईल.’ मंजुरी पुन्हा पोच्यापुरतीच मिळाली. जुनी भोकं ताणून मोठी झाली होती, त्यांत स्क्रू धरेना, म्हणून मिस्त्रीने शेजारी नवी पाडली. पोचा गेला. भोकं दुप्पट झाली.

आता भोकं पाडलेली होती. पण पोचा उरला नव्हता, म्हणून ती पुन्हा उथळ ठरली. साहेब पुन्हा खाली उतरले.

तिसऱ्या खेपेला वरून एक तांत्रिक अधिकारी आले. पोचा काढल्याने भोकं पडतात हे त्यांना सिद्ध करून हवं होतं. मिस्त्रीने त्यांच्यासमोर पाडून दाखवली. त्यांनी बारकाईने पाहिलं, खात्रीसाठी आणखी दोन पाडून घेतली आणि प्रयोग यशस्वी झाल्याचं कळवलं. बुजवण्याचा विषय त्यांच्या कक्षेत येत नव्हता.

रविवार येत होते आणि मामांशिवाय जात होते. दरवाजाची चाळण झाली. गाडी धुताना एका बाजूने मारलेलं पाणी दुसऱ्या बाजूने गाळून येई.

“अहो,” बायको फोनवर म्हणाली, “पोरगी विचारतेय, बाबा येणार आहेत की त्यांनी गाडीशी दुसरा संसार थाटलाय?”

“तिला म्हणावं, बाबाची भोकं बुजायची आहेत.”

“काय बोलताय तुम्ही!”

मामांनी फोन ठेवला. आपण काय बोलतोय हे त्यांनाही हल्ली कळत नव्हतं.

सुटका आली ती भलत्याच दिशेने. एका बैठकीला शेजारच्या कार्यालयाच्या साहेबांनी तो दरवाजा पाहिला. “हे काय नवीन?”

आमच्या साहेबांनी आयुष्यात कधीही ‘चुकलं’ हा शब्द उच्चारला नव्हता. ते शांतपणे म्हणाले, “हवेशीर दरवाजा. प्रायोगिक तत्त्वावर आहे.”

आठवड्याभरात शेजारच्या साहेबांचा दरवाजा हवेशीर झाला. पाहता पाहता पैसेवाले लोक नव्या कोऱ्या गाड्या घेऊन मिस्त्रीच्या दारात उभे राहू लागले. “आमची भोकं साहेबांपेक्षा थोडी जवळ जवळ घ्या,” असं ते सांगत. ज्याचा दरवाजा अखंड, त्याच्याकडे लोक जरा कीव करून पाहत.

आणि मग परिपत्रक निघालं. मॅडमनी ते मामांना स्वतः वाचून दाखवलं. “‘निर्दोष म्हणजे ताफ्यातील इतर वाहनांहून वेगळे नसलेले.’ अभिनंदन, मामा!”

“पण मॅडम, आपल्या बाकीच्या गाड्यांना भोकं नाहीत.”

“मग दोष त्यांच्यात आहे.”

मिस्त्रीला कागद गेला: ‘भोकं पाडणे’. या खेपेस ना खोली लागली, ना प्रयोग. सगळ्या गाड्या रांगेत लावून त्याने काम उरकलं, तेही खरोखरच चहा होईपर्यंत. मामांची गाडी निर्दोष ठरली. साहेबांनी निरोपाच्या भाषणात मामांच्या चिकाटीचं कौतुक केलं. खांबाचा उल्लेख राहून गेला.

मामा घरी पोचले तो दिवस रविवारच होता. बॅग घेऊन जिना चढताना मधल्या वळणावर एक बादली दिसली. वरून तिच्यात टप टप पाणी पडत होतं.

“हे काय?” दारात उभ्या असलेल्या बायकोला त्यांनी विचारलं.

“गच्ची गळतेय. दोनदा तक्रार केली. सोसायटी म्हणाली, सगळ्याच जिन्यांत गळतंय.”

“सगळ्याच?”

“सगळ्याच.”

मामांचा जीव भांड्यात पडला. “मग हरकत नाही,” ते म्हणाले आणि बादलीवरून पाय उचलून पुढे झाले. त्यांच्या मागून मुलगी खालून धावत आली, बादलीकडे न बघता तिने नेमकी उडी मारली आणि थेट बाबांच्या गळ्यात पडली. पाणी जरासुद्धा हिंदकळलं नाही, इतका तिला सराव होता.

तुम्हाला मामांचं हसू येणं साहजिक आहे. पोटभर हसा. हसून झालं की फक्त एवढंच आठवून बघा: आज घरात शिरताना तुम्ही कशावरून पाय उचलून आत आलात?