कोंडूमामांच्या आकाशमार्गे किन्हवली-स्वारीची हकीकत

श्रीगावदेवी समर्थ. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सरे, वैशाख मासी, मौजे किन्हवली, तालुके शहापूर येथील लग्नप्रसंगी राजमान्य राजश्री कोंडूमामा यांनी औरंगाबादेहून आकाशमार्गे जी स्वारी केली, तीत मुलूख किती, वेळ किती आणि फजिती किती, हे मागाहून कोणी वाढवून सांगू नये म्हणोन आम्हीच वाढवून लिहितो.

मामा औरंगाबादेस कारखान्यात चाकरीस. कारखान्याने खूश होऊन मुंबईच्या विमानाचे तिकीट बक्षीस दिले, आणि त्याच सुमारास भाची योगिनी हिचे लग्न मुरबाडकरांकडे, गोरज मुहूर्तावर, ठरले. दस्तूर ऐसा की, थोरल्या मामाने हाती धरून आणल्याखेरीज नवरी बोहल्यावर चढत नाही. धाकटे बंधू भिमाजी यांनी आदले दिवशी एसटीने संगे चलावे म्हणोन अर्ज केला, तो मामांनी नामंजूर केला आणि फर्माविले की, हवाई अंतर नव्वद कोसांचे आत, वेळ पाऊण तास, सबब आम्ही लग्नादिवशी जेवून निघू.

मग विमान दुपारी उडाले आणि घाट ओलांडून शहापूरचे मुलुखावर आले, आणि खाली किन्हवलीचा मांडव दिसून मागे पडू लागला, तेव्हा मामा पट्टा सोडून उभे राहिले आणि हवाईसुंदरीस आज्ञा केली, "बाय, डायवरला सांग, हितं जरा स्लो कर. आमी उतरतो." एसटीत हा हुकूम आजवर कोणी मोडला नव्हता. बाईंनी मामांस बसवून पट्टा बांधिला आणि चॉकलेट दिले.

मुंबईस उतरले तो पाऊण तासच झाला होता. मामांचे गणित बिनचूक, गाव तेवढे मागे राहिले. मग पेटीचा खोळंबा, मग टॅक्सी, मग रेल्वे, ऐसे मजल दरमजल आसनगावी आले तो सूर्य मावळतीस. तेथे जीपवाला मंगळू याचा कायदा, गाडी भरल्याबिगर चाक हलणार नाही. मामांनी विनवणी, रुबाब, विमानाचे तिकीट, सर्व शस्त्रे चालविली. मंगळू बिडी ओढीत राहिला. अखेर मामा स्वतः रस्त्यात उभे राहून "किन्हवली, किन्हवली, लग्नाचं जेवाण हाय" ऐसी आरोळी देऊ लागले, आणि घटकाभरात गाडी टपासुद्धा भरली.

इकडे मुहूर्त टळला, मुरबाडकर हातघाईवर आले, आणि नवरीस न्यावयास भिमाजी पुढे झाले; परंतु योगिनीने "कोंडूमामा आल्याबिगर मी नाय उठायची" ऐसा निर्वाणीचा जबाब देऊन पाट सोडिला नाही.

इतक्यात जीप मांडवास भिडली. मामा धुळीने माखलेले, खाली मान घालून उभे. योगिनीने हात पुढे केला आणि हळूच विचारिले, "मामा, दुपारी विमान गेला वरून. मी हात केलता. दिसला का?"

मामांचे डोळे भरोन आले. बोलिले, "दिसला गो. म्हणून तर उतरत होतो."

मग मामांनी भाचीस बोहल्यावर नेले, अक्षता पडल्या, मंगळूसकट सारी कुमक पंगतीस बसली आणि मोहीम फत्ते झाली. परतीची स्वारी भिमाजींसंगे एसटीने व्हावी, खिडकी मात्र मामांची, ऐसा उभयतांत करार झाला, तो येथे नमूद केला असे.