सरळ दाखवणारी नळी

दातारकाकांविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही माझी होती. मजकूरही माझाच. इंग्रजीत, अगदी सभ्य.

कॅनडात, सस्काटूनच्या आमच्या कॉन्डोत काका वरच्या मजल्यावर एकटे राहतात. पोटॅशच्या खाणीतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. नवा माणूस भेटला की नावाआधी विचारतात, "नंबर किती?" चष्म्याचा. मग, "जुना टाकू नकोस. मला दे." गणपतीच्या प्रसादाला जाताना बायको मला बजावायची, "काकांच्या शेजारी बसू नका, चष्मा जाईल."

त्या काचा गिफ्टरॅपच्या पुठ्ठ्याच्या नळीत बसवून ते दुर्बिणी करतात. चारशे वर्षांपूर्वी हॉलंडातल्या एका चष्मेवाल्याने केली तशी: पुढे फुगीर काच, डोळ्याशी खोलगट. त्याला पेटंट नाकारलं हे दुःख काका कालच ऑफिसात घडल्यासारखं सांगत. "म्हणे, ही कुणालाही करता येईल. अरे, मग आधी का नाही केलीत?" ज्याने ती आकाशाकडे वळवली, त्याचं ते नावही घेत नसत. "तो इटलीवाला. चष्मेवाल्याने नळी केली, याने नाव केलं."

मुलीची पडून असलेली मोठी दुर्बीण मी त्यांना देऊ केली. एकदा बघून त्यांनी परत केली. "यात उलटं दिसतं. ताऱ्यांना चालतं."

या हिवाळ्यात रोज दुपारी तीनला त्यांच्या बाल्कनीत नळी दिसायला लागली. वजा तीस, माकडटोपी, मफलर आणि काका. काका आमच्या खिडक्यांत डोकावतात, असं समोरच्या बिल्डिंगमधले कुजबुजले. मी कॉन्डो बोर्डावर. वर जाऊन विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी पत्र टाकलं.

नळी दिसेनाशी झाली.

संक्रांतीला बायकोने तिळाचे लाडू देऊन वर पाठवलं. काका नळी मांडीवर घेऊन बसले होते.

"इंग्रजी छान आहे तुझं," ते म्हणाले.

"काका, लोकांना वाटलं, तुम्ही..."

"तुला काय वाटलं?"

काकांनी घड्याळ बघितलं, बाल्कनीचं दार फटभर उघडलं आणि नळी माझ्या हातात दिली. "नदीपलीकडे. तिसरा मजला, डावीकडून दुसरी. आधी तू बघ. माझे तसेही दहा दिवस गेलेत."

नाण्याएवढ्या गोलात एक खिडकी सापडली. आत खुर्चीत जांभळा स्वेटर. सुमनकाकू, काकांची बायको. त्यांना केअर होममध्ये ठेवल्याचं मला माहीत होतं. कुठल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तीनला नर्स तिला उन्हात आणून बसवते."

"मग भेटायलाच जाऊ ना. मी सोडतो गाडीने."

"जात होतो. जवळ गेलं की घाबरते. कोण हा माणूस, म्हणते. रडते. इथून शांत असते. आणि यात सरळ दिसते."

गोलातल्या काकूंनी कपाळावरचे केस मागे सारले. मी डोळा काढला नाही. काकांकडे बघायचा धीर नव्हता.

"काका, चुकलं माझं," मी म्हणालो. "वर येऊन विचारायला हवं होतं."