हिरुआप्पांची टिकटिक

आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. पोथीतल्या साधुवाण्याची नाव बुडायच्या बेतात होती, तेवढ्यात पहिल्या रांगेतले हिरुआप्पा गुडघ्यांवर पुढे सरकले. समईत बोट बुडवलं, तेल अंगठ्याशी चोळलं, हुंगलं आणि निकाल दिला.

"दमलंय. बदला."

गुरुजींनी नाव अर्धवट बुडालेली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने मुकाट्याने समईतलं तेल बदललं. तेलाच्या बाबतीत आप्पांचा शब्द मोडायची छाती आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची नाही.

कोपरला आमची बिल्डिंग उभी आहे ती आप्पांच्या भातशेतीवर. शेती गेली, फ्लॅट आले, आणि आमच्या डोक्यावरचा एक फ्लॅट आणि तळमजल्यावरचा एक गाळा आप्पांनी स्वतःला ठेवला. गाळ्यात एक मोटरसायकल राहते. "राहते" हाच शब्द बरोबर, कारण तिच्यासाठी तिथे पंखासुद्धा आहे. ही रस्त्यावरची गाडी नव्हे. चिखलात, ढेकळांवर उड्या मारायची, फोर-स्ट्रोक. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, आणि सीट आप्पांच्या छातीला लागते. आप्पा उंचीने बेताचे. किक मारायची तर जेवणाचा पाट घेऊन त्यावर उभे राहतात. त्यांना ती चालवताना कोणी पाहिलेलं नाही. चालवायची त्यांची लेक, जागृती. ती आईवर गेलेली, ताडमाड. लग्नाआधी मातीतल्या शर्यती मारायची. आता टिटवाळ्याला सासरी असते. गाडी मात्र माहेरीच राहिली.

आप्पा माणसांना नावाने ओळखत नाहीत, वाहनाने ओळखतात. मी "स्कूटर". वरच्या मजल्यावरचे वकील "डिझेल". आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध. "आधी गरम, मंग जोर." माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेव घोड्यावर चढून लगेच नाचू लागला, तर आप्पांनी घोड्याचा लगाम धरला. "थंड इंजिन हाय. पाच मिन्टं उभा ऱ्हा." घोडासुद्धा उभा राहिला.

एकदा आमच्या बाल्कनीत वरून एक स्पंज पडला. तेलकट, जाडजूड, मस्त. मी म्हटलं, देव देतो तेव्हा असं देतो. मी त्याने बाथरूमच्या फरशा घासल्या. आयुष्यात पहिल्यांदा घरकाम केलं, तर अर्ध्या तासाने दारात आप्पा.

"माझा फिल्टर पडला का हिथं?"

मी स्पंज पुढे केला. फिनाइलचा वास येत होता. आप्पांनी तो दोन बोटांत धरून हुंगला.

"स्कूटर," ते म्हणाले, "इंजिनाचं नाक हाय ते. तू नाकानं संडास घासलास."

मी त्यांना नवा फिल्टर आणून दिला. त्यांनी तो धुतला, तेलात भिजवला, पिळला आणि आपल्या गंजीशेजारी दोरीवर वाळत घातला. यावेळी चार चिमटे लावून.

त्यांचं सगळ्यात लाडकं तत्त्व वॉल्व्हचं. इंजिनाच्या डोक्यात वॉल्व्ह असतात, त्यांच्यात आणि त्यांना दाबणाऱ्या दांड्यात केसभर फट लागते. फट असली की टिकटिक वाजते. फट मिटली की वॉल्व्ह गप्प होतो, आणि मग जळतो. "वाजतो तो वॉल्व्ह सुखी. गप्प बसला का घात." हे त्यांनी माझ्या बायकोसमोर मला ऐकवलं. "वैनी बोलतात ना तुला? मंग बिनघोर ऱ्हा. गप्प बसल्या का मना हाक मार." तेव्हापासून बायको मला बोलते आणि वर आरोग्याची हमी म्हणून बोलते.

रोज सकाळी आप्पा पाटावर चढतात, किक मारतात, गाडी गरम होऊ देतात, आणि मग मोबाइल इंजिनाजवळ धरतात. आम्हाला वाटायचं, कोणीतरी मोठा मेकॅनिक पलीकडून नाडी बघतो.

मग एक दिवस जागृतीचा मला फोन आला. "काका, गाडी विकून टाका ना. आप्पांचा गुडघा सुजलाय. किक मारून मारून जाईल एक दिवस. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

माझं कोणी ऐकतं ही बातमी मला नवीन होती. त्या भरात मी नौपाड्यातला एक दातांचा डॉक्टर गाठला. त्याला अशीच गाडी हवी होती. रविवारी तो आला. आप्पांनी त्याला चहा दिला आणि मुलगी दाखवायला बसल्यासारखे समोर बसले.

"तेल कवा बदलशील?"

"सर्व्हिसिंगला देऊ ना."

"तू पेशंटला सांगतोस का, दात सर्व्हिसिंगला घासा?"

डॉक्टर हसला. आप्पा हसले नाहीत. तरी त्यांनी पाटावर चढून गाडी सुरू करून दिली. डॉक्टरने सीटवर बसताक्षणी हौसेने रेस पिळली. थंड इंजिन किंचाळलं. आप्पांनी गाडी बंद केली, पाट काखेत मारला आणि डॉक्टरला म्हणाले, "चहा संपव आन् ये."

मला राग आला. माझी रविवारची झोप गेली होती. तिथूनच जागृतीला फोन लावला आणि सगळी कैफियत मांडली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हसली.

"बरं झालं, काका."

"अगं, तूच म्हणालीस ना?"

"गुडघ्यासाठी म्हणाले. पण मग दोन दिवस हाच विचार. गाडी गेली तर आप्पा मला फोन कशासाठी करतील? लेकीच्या सासरी विनाकारण फोन करायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं. इथे आले तर पाणीसुद्धा पीत नाहीत. गाडीचा आवाज ऐकवायचा म्हणून करतात तेवढाच."

म्हणजे तो मेकॅनिक ही होती.

"तुला ऐकू येते ती टिकटिक?"

"काय ऐकू येणार, काका? इकडे मिक्सर चालू, पोरगं रडतंय. मी आपलं म्हणते, आज जरा दबल्यासारखी वाटते आप्पा, उद्या परत ऐकवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खाली गेलो. आप्पांचा फोन नुकताच संपला होता. ते गुडघा चोळत पाटावर बसले होते.

"उद्यापासून किक मी मारतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "आधी तुझं इंजिन बघ." पण नाही म्हणाले नाहीत.

"काय म्हणाली जागृती?"

"टिकटिक दबलीय म्हणते. उद्या परत ऐकवा म्हणते."

"मग वॉल्व्ह उघडून बघायचा?"

आप्पांनी फडक्याने हात पुसले, एकेक बोट करून.

"कालच बगितला. फट जशीच्या तशी हाय. इंजिन टकाटक हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नको पण."

आणि उठून त्यांनी पाट भिंतीला टेकवून ठेवला, उद्या माझ्या हाताशी येईल असा.